साहेब, माझी गाडी धूर सोडत नाही, तरीही ती उभी आहे

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला ट्रकमालक. माझ्या तीन गाड्या आहेत. लासलगाव-पिंपळगावचा कांदा दिल्लीला आझादपूर मंडीत पोचवतो. आजवर कुठल्या मंत्र्याला पत्र लिहिलं नव्हतं. पण १२ जानेवारीला जे झालं, त्यानंतर गप्प बसवेना.

माझी दहा चाकी डिसेंबर २०१९ ची, बीएस-४, म्हणजे धुराच्या नियमांच्या आधीच्या टप्प्यातली; आता बीएस-६ चालतं. तिचं पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला ठीक असल्याचं सर्टिफिकेट, २० डिसेंबरला संपणार होतं, म्हणून महिनाभर आधीच तपासणीची १८ तारीख घेऊन ठेवली. गेलो तर तपासणी केंद्रावरचं धूर मोजायचं यंत्र बंद. पुढची तारीख ३० डिसेंबर मिळाली, त्या दिवशी सर्व्हर बंद. तिसरी तारीख १२ जानेवारीची. सकाळी ७ पासून दुपारी ३ पर्यंत रांगेत उभं केलं आणि सांगितलं, नवीन तारीख घ्या. रिकामी गाडी घेऊन परत निघालो तर चार किलोमीटरवर आरटीओच्या पथकाने अडवली. पासिंग संपलेलं, म्हणून ५ हजारांचं चलन. ड्रायव्हरने तिन्ही तारखांचे कागद पुढे केले. पथकाच्या साहेबांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत.

दिवाळीआधी आम्हा वाहतूकदारांच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की, तारीख घेतलेली गाडी त्याच दिवशी तपासून परत जाईल. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. टाळ्याही वाजवल्या.

धुराचा नियम मला नको आहे असं कृपा करून समजू नका. माझ्या आईला दमा आहे आणि आमचं घर हायवेला लागून आहे. नोव्हेंबरात मी स्वतःहून पीयूसी सेंटरवर गाडीचा धूर तपासून घेतला. नळी सायलेन्सरमध्ये घातली, इंजिन गरम करून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तसं तीन-चार वेळा केलं. आकडा आला २.१. बीएस-४ गाडीला १.६२ च्या वर चालत नाही. मग नोझल बदलले, पंपाचं कॅलिब्रेशन केलं, टर्बो खोलून साफ केला. ३८ हजार रुपये गेले. दुसऱ्यांदा आकडा आला ०.९. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या खणात ठेवलाय.

त्याच सेंटरवर माझ्या पुढे एक जुनी बारा टायर उभी होती. चालू केली तेव्हा मागचा माणूस दिसेनासा झाला, एवढा काळा धूर. सेंटरच्या पोराने नंबरप्लेटचा फोटो काढला. नळी खुंटीवरच लटकत होती. पाच मिनिटांत सर्टिफिकेट हातात. डिझेल गाडीच्या पीयूसीची फी १५० रुपये आहे, त्याने किती दिले ते मी विचारलं नाही. पण हिशेब तुम्हीच करा. प्रामाणिकपणाला ३८ हजार आणि वर १२ जानेवारीपर्यंतच २३ दिवस गाडी उभी. खोट्या कागदाला पाच मिनिटं.

आणि तुम्ही म्हणता, पीयूसी नाही तर इंधन नाही. ठीक आहे, पंपावर कागद बघा. पण तो कागद खरा आहे की नाही हे कोण बघणार? डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-६ गाडीत अ‍ॅडब्लू (युरियाचं पाणी) घालून जो नायट्रोजनचा वायू मारायचा असतो, तो या तपासणीत दिसतच नाही. अ‍ॅडब्लूचा खर्च वाचवायला सेन्सरला फसवणारी डबी बसवून देणारे आहेत, हे हायवेवरचा कुठलाही मेस्त्री सांगेल. ती गाडी पीयूसीत आरामात पास होते. मग सहा महिन्यांनी, वर्षाने आम्ही रांगा लावतो त्या कशासाठी?

हे २३ दिवस लाल कांद्याच्या सीझनचे होते. लाल कांदा टिकत नाही, वेळेत भरला नाही तर मोड येतात, पाणी सुटतं. माझ्या तीन फेऱ्या बुडाल्या. बँकेचा ४४ हजारांचा हप्ता मात्र बरोबर ५ तारखेला गेला. ड्रायव्हर बारा वर्षं माझ्याकडे आहे, त्याला पगार दिला, पण फेरीचा भत्ता नाही. संक्रांतीला त्याच्या घरी काय झालं असेल ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारू शकलो नाही.

आता दिल्लीचं बघा. बाहेरच्या बीएस-४ मालगाड्यांना तिथे ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा आहे, पुढे बंदी. दिल्लीकरांना श्वास घेता यावा, मला मान्य आहे. पण ही गाडी मी २०१९ मध्ये रस्त्यावरून चोरून आणली नव्हती. सरकारनेच पासिंग करून दिली, नॅशनल परमिट दिलं, टॅक्स घेतला. चार महिन्यांनी, १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ लागू होणार हे कंपन्यांना ठाऊक होतं, सरकारला ठाऊक होतं. बँकेने मला त्याच गाडीवर कर्ज दिलं. कायदा बदलला की भुर्दंड नेहमी शेवटच्या माणसावर का पडतो? टोल आम्ही भरायचा, चलन आम्ही भरायचं, यंत्र बंद पडलं तर गाडीही आमचीच उभी राहायची. यंत्र बंद ठेवणाऱ्याला आजवर एका रुपयाचा तरी दंड झालाय का, साहेब?

माझं मागणं मोठं नाही. केंद्राच्या कारणाने तपासणी झाली नसेल, तर तो तारखेचा कागदच पुढच्या तारखेपर्यंत पासिंग म्हणून धरा आणि तसं पथकांना लेखी कळवा. माझं चलन रद्द करा. जड वाहनाच्या पीयूसीचा नळी घातलेला व्हिडिओ आकड्यासह अपलोड झाल्याशिवाय सर्टिफिकेट निघू देऊ नका. आणि बीएस-४ वाल्यांनी ऑक्टोबरनंतर काय करायचं, ते दिल्लीशी बोलून आत्ता सांगा, सप्टेंबरात नको.

माझी चौथी तारीख २७ जानेवारी आहे, सकाळी ८ ची. मी ७ ला गेटवर असेन. त्या दिवशी यंत्र चालू राहील एवढं बघा.

आपला,
एक ट्रकमालक, तालुका निफाड, जिल्हा नाशिक