आधी टायर, मग रिम, इंच सर्वांत शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॉडिफाइड स्पोर्ट्स कारविषयी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जे छापून येते, त्यात चाकांचा विषय बहुधा एका आकड्यावर आटोपतो: ‘१९ इंची अलॉय’. गाडी वळणावर कशी धरते, ब्रेक लावल्यावर सरळ राहते का, टायर कुठे घासतो का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. तरुण वाचक मात्र तोच लक्षात ठेवून खरेदीला जातात. अशा गाडीचे छायाचित्र छापताना रिमची रुंदी, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते सांगणारा आकडा) आणि टायरचा पूर्ण आकार खाली द्यावा, ही पहिली विनंती. ते आकडे ठरवायचे कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

निवड टायरच्या बाहेरच्या व्यासापासून सुरू करावी. टोयोटा जीटी ८६ ही गाडी उदाहरणाला घेऊ. तिच्या कंपनीच्या चाकांपैकी एक माप १७ इंच व्यासाचे, ७ इंच रुंद, ऑफसेट ४८ आणि त्यावर २१५/४५ आर १७ टायर असे आहे. २१५ मिमी रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे ९६.७५ मिमी ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. ती दोनदा घेऊन १७ इंचांचे ४३१.८ मिमी मिळवले की व्यास येतो ६२५.३ मिमी. नवा टायर कोणताही घ्या, हा आकडा दोन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. २४५/४० आर १७ चा व्यास ६२७.८ मिमी, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २२५/४० आर १८ चा ६३७.२, फरक १.९ टक्के, चालेल, पण काठावर. २४५/४० आर १८ मात्र ६५३.२ मिमी होतो, साडेचार टक्के मोठा. १८ इंची रिमला २४५ रुंद टायर हवा म्हणून हा आकार सर्रास बसवला जातो. मग स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो, प्रत्येक गिअर लांब पडून गाडी सुस्त वाटते आणि टायरचा वरचा भाग चाकाच्या खोबणीत १४ मिमी अधिक वर जातो. गाडी खाली बसवलेली असेल, तर घासण्याचे कारण तिथेच तयार होते.

रुंदी ठरवताना रिम आणि टायर एकमेकांना मानवतात का, ते बघावे. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते आणि ती उत्पादकाच्या तक्त्यात मिळते. २१५/४५ आर १७ साठी ७ ते ८ इंच, २२५/४५ आर १७ साठी ७ ते साडेआठ, २४५/४० आर १७ साठी ८ ते साडेनऊ. स्पोर्ट्स कारला या पट्ट्याचा वरचा अर्धा भाग मानवतो, कारण रुंद रिमवर साइडवॉल ताठ उभी राहते आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. पट्ट्याच्या बाहेर जाऊन अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची जी फॅशन आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. ताणलेल्या टायरची बीड, म्हणजे रिमला धरणारी आतली कड, रिमच्या कडेवर तिरपी टेकते. हवा थोडी कमी झाली आणि वळणात बाजूने जोर आला की ती सुटू शकते. खड्ड्यात रिमची कड वाचवायला साइडवॉल उरलेलीच नसते.

आता ऑफसेट. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागाचे मिलिमीटरमधील अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे ते कोरलेले असते. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत जाते. पण रिमची रुंदीही बदलत असेल, तर नुसता ऑफसेट बघून काहीच कळत नाही. वरच्या गाडीला ७ इंच ईटी ४८ च्या जागी ९ इंच ईटी ४२ रिम लावायची म्हणू. रुंदी २ इंचांनी वाढली, म्हणजे ५०.८ मिमी, प्रत्येक बाजूला २५.४. ऑफसेट ६ मिमीने घटला. म्हणून रिमची बाहेरची कड २५.४ अधिक ६, म्हणजे ३१.४ मिमी बाहेर येईल आणि आतली कड २५.४ वजा ६, म्हणजे १९.४ मिमी आत जाईल. ही दोन उत्तरे कागदावर लिहिल्याशिवाय रिमचे पैसे देऊ नयेत.

टायरचा हिशेब मात्र वेगळा येतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ७ इंच रिमवर २१५ चा टायर फुगवल्यावर सुमारे २१३ मिमी भरतो. २४५/४० चे माप साडेआठ इंच रिमवर घेतलेले असते, सुमारे २४८ मिमी. रिम दर अर्ध्या इंचाने वाढली की टायर साधारण ५ मिमी रुंदावतो, म्हणून ९ इंचांवर २५३. फरक ४० मिमी, निम्मा प्रत्येक बाजूला. ऑफसेटचे ६ मिमी धरून टायर २६ मिमी बाहेर आणि १४ मिमी आत सरकेल. रिमची कड टायरपेक्षा अधिक सरकते, म्हणजे फुटपाथच्या कडेला आधी लागणारी वस्तू आता रिम असू शकते. शिवाय एकच आकार लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिमी कमीजास्त भरतात. ट्रॅकसाठीचे चौकोनी खांद्याचे टायर फेंडरजवळ विशेष अडचण करतात.

कागदावरचा हिशेब जुळला की गाडीवर पडताळावा. गाडी मजबूत स्टँडवर घ्यावी. स्प्रिंग उतरवून फक्त शॉक ॲब्सॉर्बर परत बसवावा, चाक लावावे आणि हबखाली जॅक देऊन ते बंप स्टॉपला (सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर न्यावे. त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. शॉक ॲब्सॉर्बरपासून किमान ५ मिमी, फेंडरच्या कडेपासूनही तितकेच आणि प्लॅस्टिकच्या आतल्या अस्तरापासून शक्यतो १० मिमी मोकळी जागा हवी. रबरी बुश वळणात दबतात, चाक थोडे हलते. उभ्या गाडीवरची २ मिमी जागा चालत्या गाडीत शून्य होते. जिथे बोट जात नाही तिथे मातीचा गोळा चिकटवून ठेवावा. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे उरलेली जागा.

कॅम्बर देऊन, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून तिरके करून, जागा करता येते, पण कशी ते नीट समजून घ्यावे. एक अंश निगेटिव्ह (माथा आत झुकवणारा) कॅम्बर दिला की सव्वासहाशे मिमी व्यासाच्या टायरचा माथा सुमारे साडेपाच मिमी आत झुकतो. फेंडरची अडचण त्याने सुटते. मात्र मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत, म्हणजे जिथे शॉक ॲब्सॉर्बरच चाकाला वरून धरतो तिथे, हा कॅम्बर खालच्या नकल-बोल्टवर (शॉक ॲब्सॉर्बर आणि हबचा भाग जोडणाऱ्या बोल्टवर) दिला, तर टायर शॉक ॲब्सॉर्बरच्या तितकाच जवळ येतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाच्या, सरकवता येणाऱ्या कॅम्बर प्लेटवर दिला, तर चाक आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र झुकतात आणि त्यांच्यातले अंतर बदलत नाही. आतली जागा आधीच कमी असेल, तर कॅम्बर प्लेटच घ्यावी.

ऑफसेट वाटेल तितका कमी करून चाके बाहेर काढल्यास गाडी रुंद दिसते खरी. पण स्क्रब रेडियस, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचे जमिनीवरचे टोक आणि टायरचा मध्य यांतले अंतर, बदलतो. खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगमध्ये थेट येऊ लागतो, एक चाक ओल्यावर आणि एक कोरड्यावर असताना ब्रेक लावला की गाडी ओढते, आणि व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो. हब आणि रिम यांच्यामध्ये चकती, म्हणजे स्पेसर, लावल्याने हेच घडते: १० मिमी स्पेसर म्हणजे ऑफसेट १० ने कमी. त्याशिवाय स्टडचा (हबवरच्या आट्यांच्या दांड्याचा) नटमध्ये जाणारा भाग घटतो. नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे. १२ मिमी व्यासाच्या, दीड मिमी आट्यांच्या स्टडवर म्हणजे पूर्ण ८ फेरे. तेवढे भरत नसतील, तर लांब स्टड बसवावेत किंवा स्पेसरचा विचार सोडावा.

पीसीडी, म्हणजे नटची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, तंतोतंत जुळलाच पाहिजे; तो छिद्रांची संख्या × मिमी असा लिहितात. ५×१०० च्या हबवर ५×११४.३ ची रिम बसत नाही. सेंटर बोअर, म्हणजे रिमचे मधले छिद्र, हबपेक्षा मोठा असेल, तर बरोबर मापाची हब रिंग घालावी, नाहीतर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि बॅलन्सिंग करूनही थरथर राहते. नटची बैठक रिमशी जुळावी: शंकूच्या आकाराच्या बैठकीत गोल बैठकीचा नट कडेवरच टेकतो आणि सैल होतो. मोठे ब्रेक बसवले असतील, तर कॅलिपर आणि आरे यांच्यातली जागाही मोजावी. रिम-उत्पादकाचा पूर्ण आकाराचा नमुना पुठ्ठ्यावर कापून कॅलिपरवर धरला की लगेच कळते. ३५५ मिमी डिस्कला बहुधा १८ इंची रिम लागतेच, आणि व्यास वाढवण्याचे खरे कारण हेच आहे. ब्रेक मागत नसतील, तर व्यास वाढवू नये. त्याच बनावटीची मोठी रिम जड असते, तिचे वजन केंद्रापासून दूर जाते, आणि उरलेल्या पातळ साइडवॉलमुळे खड्ड्यात रिम वाकणे किंवा टायरला फुगा येणे सोपे होते.

टायरवरचा भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा) मूळ टायरपेक्षा कमी असू नये. ८७ म्हणजे ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५, ९२ म्हणजे ६३०. यात एक बारीक मेख आहे. साध्या टायरचा भार २.५ बार दाबाला मोजलेला असतो, तर ‘एक्सएल’ (जादा भाराचा) खुणेच्या टायरचा २.९ बारला. २२५/४५ आर १७ ९१ काढून २२५/४० आर १८ ९२ एक्सएल लावला, तर आकड्यांवरून नवा टायर अधिक भार पेलणारा दिसतो. पण पूर्वीइतकाच भार उचलायला त्याला सुमारे २.८ बार, म्हणजे ४ ते ५ पीएसआय जास्त हवा लागते. दारावरच्या स्टिकरप्रमाणेच हवा भरत राहिल्यास टायरच्या कडा झिजतात आणि रिमला मार बसतो. रिमवरही भारक्षमता कोरलेली असते. जास्त भाराच्या ॲक्सलवरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी क्षमतेची रिम घेऊ नये. जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण नुसती असून भागत नाही, कारण नकली रिमवरही ती कोरलेली सापडते. विक्रेत्याकडे उत्पादकाची कागदपत्रे मागावीत.

मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर लावण्याची हौस पुष्कळांना असते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, भरपूर ताकदीच्या गाडीत त्याला अर्थ आहे. मध्यम ताकदीच्या, हलक्या गाडीत त्यामुळे पुढची पकड तुलनेने कमी पडते आणि गाडी वळणात बाहेर जाऊ पाहते. टायरची अदलाबदलही करता येत नाही. अशा गाडीला चारही चाके सारखीच उत्तम. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर आकार, कंपनी आणि झीज चारही टायरची सारखी हवी, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांतला फरक सांभाळणारा मधला डिफरेन्शिअल सतत फिरत राहून तापतो.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करावा. नट हाताने आवळून घ्यावेत आणि मग गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला तारा-क्रमाने (शेजारचा सोडून समोरचा नट घेत) टॉर्क रेंचने आवळावेत. हवेच्या गनने शेवटचा आवळा देऊ नये. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. ५० ते १०० किमी चालल्यावर, चाके थंड असताना, टॉर्क पुन्हा तपासावा आणि त्याच वेळी फेंडरच्या आतल्या अस्तरावर, टायरच्या खांद्यावर व शॉक ॲब्सॉर्बरवर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात का, ते टॉर्च लावून बघावे.

आपला,
चाके व सस्पेन्शनचे काम जाणणारा एक वाचक