सुन्या, ही मालिका बघच

प्रिय सुन्या,

परवाच्या फोनमध्ये विषय अर्धवटच राहिला, म्हणून लिहायलाच बसलो. इतकी वर्षं अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये काढलीस आणि ‘फ्रीक्स अँड गीक्स’ बघितली नाहीस? अरे, ती तुमच्या डेट्रॉइटच्याच उपनगरातली. गाव काल्पनिक, पण लिहिणारा पॉल फीग माउंट क्लेमेन्सचा. तुझ्या घरापासून काही लांब नाही ते.

काळ १९८०चा. गणिताच्या स्पर्धा गाजवणारी लिंडसे आजी गेल्यावर बापाचं जुनं आर्मी जॅकेट चढवते आणि मागच्या बाकावरच्या टवाळांत सामील होते. तिचा धाकटा भाऊ सॅम आणि त्याचे दोन मित्र दांडगटांना चुकवत दिवस ढकलतात. बापाचं खेळाच्या सामानाचं दुकान. जेवायला बसलं की याचे दाखले सुरू: अमक्यानं असंच केलं, पुढे काय झालं माहितेय? मेला! आमचे अण्णाच रे, फक्त वरणभात नाही.

तुला एकच प्रसंग सांगतो. सॅमच्या त्या मित्रांपैकी बिल नावाचा उंच, बावळट, जाड भिंगाच्या चष्म्याचा पोरगा. शाळेत रोज चेष्टा. दुपारी घरी येतो, घरात कुणी नाही. स्वतःच चीज सँडविच भाजतो, केकचा तुकडा आणि दूध घेतो आणि टीव्हीसमोर बसतो. पडद्यावर गॅरी शँडलिंग विनोद सांगतोय आणि हा तोंडात घास घेऊन खदाखदा हसतोय. संवाद एकही नाही, मागे फक्त ‘द हू’ या रॉक बँडचं गाणं. हसतोय तो, आणि घशात आवंढा येतो आपल्या.

आता सांग, हे कुणी बंद करावं? एनबीसी या तिकडच्या वाहिनीनं सप्टेंबर १९९९मध्ये सुरू केली ती शनिवारी रात्री आठला. ज्यांच्यासाठी काढली ती पोरं शनिवारी रात्री घरी बसतात होय? मग सोमवारी हलवली, तर समोर ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’. आपल्याकडे केबीसी लागलं की घरात कुणी रिमोटला हात लावू द्यायचं का, आठव. मधेच आठवडेच्या आठवडे गायब, त्यामुळे कधी लागणार हेच लोकांना कळेना. बारा भाग दाखवून २०००च्या मार्चमध्ये गुंडाळली. तयार केलेले भाग मात्र अठरा.

पण माझ्या मते खरं दुखणं वेळेचं नव्हतं. वाहिनीवाल्यांना या पोरांनी अधूनमधून जिंकावं असं वाटत होतं आणि फीग व निर्माता जड अपाटाव ते मानायला तयार नव्हते. फीगनं तर लेखकांकडून त्यांच्या शाळेतल्या फजितीच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. अशा मसाल्यातून विजय कुठून काढणार? गंमत म्हणजे बंद पडल्यावर त्याच वर्षी पात्रनिवडीसाठी हिला एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. सेथ रोगन, जेसन सीगल, जेम्स फ्रँको, लिंडा कार्डेलिनी ही सगळी मंडळी यातलीच. गाण्यांच्या हक्कांपायी डीव्हीडी यायला २००४ उजाडलं.

लक्षण ठीक नाही हे ओळखून त्यांनी शेवटचा भाग आधीच चित्रित करून ठेवला होता. त्यात शाळेतला टगा डॅनियल सॅमच्या येड्या टोळीबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रं घेऊन खेळायचा खेळ खेळायला बसतो, त्यात कार्लोस नावाचा बुटका होतो आणि उद्या परत खेळू म्हणतो! मग पोरांना प्रश्न: हा आपल्यातला झाला, की आपण भारी झालो?

एकाच सीझनमध्ये संपली तेच बरं, असं म्हणणारे खूप भेटतात. मला नाही पटत. आपल्याकडच्या मालिकांसारखं हजार भाग पाणी घाला असं मी म्हणत नाही, पण लिंडसे घरी खोटं सांगून व्हॅनमधून निघून जाते, ती परत आल्यावर बाप जेवताना काय बोलला असता, हे मला बघायचं होतं.

पहिला भाग वहिनींना घेऊन बघ. आणि बिलवाला भाग बघशील त्या रात्री फोन कर, इकडे सकाळ असेल, मी जागाच असतो.

तुझा,
नंदू