पापलेट सापडली त्याची गोष्ट

नेरुळ, नवी मुंबई
१८ जानेवारी २०२५

प्रिय विजू,

फोनवर ‘सापडली’ एवढंच सांगितलं, कारण तुझी मीटिंग सुरू होत होती आणि इकडे माझा आवाज जड व्हायला लागला होता. आता सविस्तर लिहितो.

मंगळवारी पहाटे आमची मांजर पापलेट नेहमीसारखी खाली गेली. आमच्या इमारतीपुढचा रस्ता तुला आठवत असेल. सिडकोने आखला तेव्हा ऐसपैस वाटायचा, आता दोन्ही अंगांना पार्किंग आणि मधल्या फटीतून पाम बीच रोड गाठायची सगळ्यांना घाई. वॉचमनने पाहिलं ते एवढंच : राखाडी गाडी, धप्प आवाज, गाडी जराशी हळू झाली आणि गेली. “मांजर उठून पळालं साहेब, काही झालं नाही त्याला.”

इथेच फसगत होते बघ. पळालं म्हणजे वाचलं, असं सगळ्यांना वाटतं. जखमी मांजर पळतं ते लपायला, आणि अशा ठिकाणी जाऊन बसतं की तुम्ही नावाने हाका मारत शेजारून गेलात तरी हूं की चूं करत नाही. तीन रात्री आम्ही दोघं टॉर्च आणि सुकटाचा डबा घेऊन सेक्टरभर फिरलो. मी डबा वाजवायचा आणि हिने गाड्यांखाली वाकून बघायचं. इतर मांजरं मात्र झाडून सगळी आली. शेवटी गुरुवारी रात्री मीटर रूमच्या मागे, जुन्या पाइपांच्या ढिगात ती सापडली.

डॉक्टरीणबाईंनी आधी काय बघितलं असेल? नखं. टोकं पार चिरफळली होती. “गाडीच आहे,” त्या म्हणाल्या. “फरफटताना ही रस्ता धरायला बघतात.” ते वाक्य डोक्यातून जात नाही रे. कमरेचं हाड दोन जागी मोडलंय, खालचा जबडा मधोमध उकलला होता, तो तारेने बांधलाय. सहा आठवडे पिंजऱ्यात, उडी मारायची नाही. आतापर्यंत साडेअठरा हजार झाले. (तुझ्या बोक्यासाठी एक लक्षात ठेव : शेजारच्या काकू मायेने क्रोसिन घेऊन आल्या होत्या. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीही जीव घेते. वेळेवर डॉक्टरीणबाईंना फोन केला म्हणून बरं.)

तू विचारलंस, तक्रार केलीस का. गेलो होतो. हवालदार सज्जन माणूस, चहासुद्धा विचारला. वही उघडून म्हणाला, “मांजराची किंमत किती लिहू?” तीस वर्षं मोटार क्लेमच्या टेबलावर मी लोकांना नेमका हाच प्रश्न विचारत आलो, पण त्या दिवशी मला उत्तर देता येईना. मासळीवाल्या मावशींनी ती फुकट दिली होती, वर मूठभर मांदेली.

त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. १८६०च्या दंड संहितेत कलम ४२८ होतं : दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर गुन्हा. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचं कलम ३२५ आलं, त्यातून किमतीची अट गेली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत झाली. पण गुन्ह्याचं नाव तेच, ‘आगळीक’. म्हणजे नुकसान करायचा हेतू हवा, निदान ते होणार याची जाणीव तरी. सकाळच्या घाईत कुणी हेतू धरून मांजर चिरडत नाही. आणि १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

मग बेदरकार गाडी चालवण्याचं कलम? तेही नाही. २०२०मध्ये मरीन ड्राइव्हवर जेवण पोचवणाऱ्या एका मुलाच्या बाइकखाली कुत्रा गेला, पोलिसांनी माणसांसाठी असलेली कलमं लावली. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. कुत्रा-मांजर मालकाला पोटच्या पोरासारखं असलं तरी ते माणूस नव्हे, हे जीवशास्त्रच सांगतं, असं म्हणून वर त्या मुलाला २०,००० रुपये द्यायला लावले, तेही जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करून. मला विचारशील तर निकाल बरोबर होता. ब्रेक मारताना तो पोरगा स्वतःही पडला होता. असल्या पोरांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावून माझं मांजर उठून बसणार नाही.

मला शिक्षा नकोच आहे. त्या राखाडी गाडीवाल्याने थांबायला हवं होतं. थांबून वॉचमनला “ती तिकडे गेली” एवढं म्हणाला असता, तर तीन रात्री वाचल्या असत्या, आणि तिच्या वेदनाही.

आता गंमत बघ. तुमचा तिकडचा, ब्रिटनचा रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८चा, आमचा मोटार वाहन कायदाही १९८८चा. तुमच्या कलम १७०मध्ये कोणाला धडक बसली तर थांबायचं याची यादीच आहे : घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी, कुत्रा. गाढवाला मान आहे, मांजराला नाही! जून २०२४पासून इंग्लंडात मांजराला मालकाची ओळख पटवणारी चिप बसवायची सक्ती, नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड, पण धडक देणारा ती चिप वाचली जावी म्हणून थांबायला बांधील नाही. न्यूयॉर्कच्या कायद्यात मात्र घोडा आणि कुत्र्याच्या पंगतीत मांजर आहे. आमच्या कलम १३४ला जनावरांची यादीच नाही. माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चोवीस तासांत पोलिसांना कळवा. म्हणजे पापलेटसाठी कुणाला थांबवायचं तर मला आधी तिला मालमत्ता म्हणावं लागेल, मोडलेल्या कुंपणासारखी. हे जेवताना बोललो, तर लेक ताटावरून उठली.

आमच्या आजीचा कायदा आठवतो का तुला? मांजर हातून मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करायचं. त्यात हेतूबितू काही नाही, चुकून मेलं तरी तेवढंच सोनं. लहानपणी हसायचो. दहा रुपयांपेक्षा म्हातारीचा हिशोब बरा होता.

सीसीटीव्हीत नंबर दिसत नाही, बल्बचा उजेडच तेवढा पडला. सोसायटीच्या फलकावर मी कागद लावलाय : मांजराला धक्का लागला तर रागावणार नाही, फक्त या नंबरवर कळवा. सेक्रेटरी म्हणाले, “रागावणार नाही हे कमिटीच्या मंजुरीशिवाय कसं लिहिता?” आता तो विषय पुढच्या सभेत आहे.

मे महिन्यात येशील तेव्हा अंधारात चमकणारा पट्टा आण, अडकला की आपोआप सुटणारा. घंटी नको, तिला राग येतो. आज सकाळी सिरिंजने सूप भरवताना पहिल्यांदा माझ्यावर फिसकारली. हिने लगेच शेजारी जाऊन सांगितलं.

तुझा,
बाळ्या