डोंबिवलीच्या जागेलाही गोव्याचाच कायदा

माननीय संपादक,

संविधान दिनाच्या पुरवणीत आपण देशातले गाजलेले खटले दिले होते. केशवानंद भारती, मनेका गांधी, विशाखा, शायरा बानो. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, छापलेलं सगळं वाचायची खोड आहे. केशवानंद खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सात एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला, एवढ्या काठावर संविधानाची मूळ चौकट वाचली, हे वाचून 1973 साली आपण चौथीत होतो की पाचवीत याचा हिशेब करत बसले. पण आमच्या मातीतला एकही खटला त्या यादीत नाही, हे खटकलं. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट हॉटेलला अडवता येणार नाही, समुद्रकिनारा ही सर्वांची ठेव आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सांगितलं ते गोव्याच्याच खटल्यात. 2014 चा खाणींचा निकाल तर डिचोली-सत्तरीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

मला लिहायचंय ते तिसऱ्याच निकालाबद्दल. जुझे पावलू कुतिन्य विरुद्ध मारिया लुईझा पेरेरा. तारीख 13 सप्टेंबर 2019, न्यायमूर्ती दीपक गुप्ता आणि अनिरुद्ध बोस. मूळचे गोव्याचे एक गृहस्थ, त्यांचं मुंबईत घर. तीन मुली, आणि घर मृत्युपत्राने एकीच्या नावे. त्या मृत्युपत्राला मुंबई उच्च न्यायालयाचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखलासुद्धा मिळालेला. प्रश्न एवढाच होता, की घर मुंबईत म्हणून भारतीय वारसा कायदा लावायचा, की माणूस गोव्याचा म्हणून गोव्यातला पोर्तुगीज नागरी कायदा? न्यायालयाने सांगितलं, ज्याचा अधिवास गोव्याचा, त्याची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. हा कायदा पोर्तुगिजांनी आणला म्हणून परका ठरत नाही. 1962 साली आपल्या संसदेने तो चालू ठेवला तेव्हाच तो भारताचा झाला. (गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने 1867 चा तो कायदा 1967 पासून मोडीत काढला. आपण मात्र जपला.)

हा निकाल सहा-सात वर्षं आधी आला असता, तर आमच्या घरातली एक गोष्ट वेगळी घडली असती.

माझं माहेर म्हार्दोळचं. बाबा गोवा मुक्तीनंतर, 1964 साली, मुंबईला गेले, गिरगावात एका छापखान्यात जुळारी होते. 1978 साली त्यांनी डोंबिवलीत दोन खोल्यांची जागा घेतली. निवृत्त झाल्यावर 1991 साली म्हार्दोळला परत आले. इथेच मतदान, इथेच रेशन, इथेच शेवट. ते 2013 साली गेले तेव्हा कपाटात मृत्युपत्र निघालं, डोंबिवलीची जागा थोरल्या मुलाला. सोसायटीला बाकीच्या वारसांची ना हरकत हवी होती. दादा कागद घेऊन माशेलला आमच्याकडे आला. मी चहा ठेवला आणि सहज विचारलं, जागेत आईचं काही नाही का रे? तो म्हणाला, "बाय, मुंबयची सुवात वेगळी. थंय गोंयचो कायदो लागना." म्हणजे मुंबईकडची जागा वेगळी, तिथे गोव्याचा कायदा लागत नाही. त्याला वकिलाने तसं सांगितलं होतं. तेव्हा कोर्टांतसुद्धा हा प्रश्न निकालात निघाला नव्हता, म्हणून दादाला मी खोटारडा म्हणणार नाही.

सही मी केली. मग दादाने तोच कागद आमच्या यजमानांपुढे सरकवला. जावयाची सही कशाला, असं तेही म्हणाले. वकिलाने सांगितलंय म्हणून, एवढंच उत्तर.

त्या दुसऱ्या सहीचा अर्थ मला सहा वर्षांनी लागला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणून बायकोने माहेरचा हक्क सोडायचा तर नवऱ्याची सही लागते, आणि नवऱ्याने काही विकायचं तर बायकोची. म्हणजे गोव्याचा कायदा लागत नाही म्हणून आमच्या सह्या घेतल्या, आणि त्या घेताना पाळला गोव्याचाच कायदा! त्या वकिलाच्या हुशारीला दाद द्यावी की काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

वर्गात मी अपूर्णांक शिकवायची ती रुपया-आण्यांवरून, तसाच हा हिशेब मांडते. डोंबिवलीची जागा म्हणजे सोळा आणे, पुरा रुपया; बारा पैंचा एक आणा. आई-बाबांचं लग्न 1956 चं, पोर्तुगीज अमदानीतलं, करारबिरार काही नाही. तेव्हा आठ आणे आईचे. वारसा म्हणून नव्हे, पहिल्यापासून तिचेच. उरलेले आठ बाबांचे. त्यातले चार कायद्याने मुलांसाठी राखलेले, मुलगा-मुलगी सारखेच. मृत्युपत्राने कुणालाही द्यायला बाबांच्या हातात होते फक्त चार आणे. आम्ही भावंडं तिघं. दादाला ते चार आणि वर एक आणा चार पै, म्हणजे पाच आणे चार पै. धाकट्याला आणि मला प्रत्येकी एक आणा चार पै.

एक आणा चार पैसाठी मी भावाशी भांडले नसते. पण आईचे आठ आणे? त्याच कागदावर तिने अंगठा उठवला नाही, सही येत होती तिला, व्यवस्थित देवनागरीत केली. 2017 साली ती आमच्या घरी वारली. शेवटची तीन वर्षं औषधांना पैसे लागले की दादाला फोन लावून द्यायला सांगायची, आणि फोनवर बोलताना उभी राहायची. अर्ध्या जागेची मालकीण आपल्याच मुलाकडे पैसे मागताना उभी राहते, हे मला तेव्हा दिसलं नाही. 2019 चा निकाल वाचला त्या दिवशी दिसलं. आता दादाही नाही. कोर्टात जाऊन मुलांच्या वयाच्या भाच्यांशी भांडायचं माझ्या मनात नाही, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

त्या निकालातलं एकच वाक्य पुढारी भाषणात घेतात, समान नागरी कायद्यासाठी न्यायालयाने गोव्याकडे बोट दाखवलं ते. दाखवलं हे खरं. पण गोव्यातल्या हिंदूंसाठी पोर्तुगिजांनी काढलेल्या 1880 च्या हुकूमनाम्यात, बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती, हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. कोमुनिदादीचा झोण, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा, परंपरेने पुरुषांनाच मिळत आला, हेही नाही. समान म्हणजे किती आणे समान, तेही सांगा म्हणावं.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या नोंदणीला फोंड्याला गेले होते. दोघंही शिकलेली, पुण्यात नोकरीला, तिथेच फ्लॅट बघताहेत. मालमत्तेचा करार करायचा तर लग्नाआधीच, मागाहून बदलता येत नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पाच मिनिटांत सह्या करून फोटो काढायला बाहेर पडली. मी पायरीवरच त्यांना आण्यांचा हिशेब सांगितला. जावई हसला, पण त्याने तो मोबाईलवर लिहून घेतला.

तेव्हा, संपादक महाशय, हा निकाल साध्या मराठीत, हिशेबासकट एकदा छापा. पुरवणीत नको, ती आमच्याकडे शेव बांधायला जाते. श्रद्धांजलीच्या जाहिराती येतात त्या पानावर जागा द्या. गोव्यात ते पान सगळ्यात आधी उघडतं, आणि वारसही तेच वाचत असतात.

आपली,
एक वाचक, माशेल