नेतृत्वाच्या ट्रेनिंगला मोकळा माणूस नको, कामाचा माणूस पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सरकारी ऑफिसांबद्दल वाचकांची पत्रं नेहमी येतात, बहुतेक तक्रारीचीच असतात, दाखला मिळत नाही, साहेब जागेवर नाहीत, आज या उद्या या. तक्रारी खऱ्या असतात, त्यात वाद नाही. पण टेबलाच्या आतल्या बाजूनं पण कुणीतरी लिहावं असं बरेच दिवस वाटत होतं म्हणून लिहितेय. मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे, सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातच झाली, आणि नुकतीच शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या एका नेतृत्व विकास कार्यक्रमाला जाऊन आले. तिथून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे, ती म्हणजे असल्या ट्रेनिंगला ज्याच्यावाचून ऑफिस अडतं त्यालाच पाठवायला पाहिजे, आणि क्लार्क, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) इथपासून सुरुवात करायला पाहिजे.

होतं काय की नामनिर्देशनाचं, म्हणजे ट्रेनिंगला कुणाला पाठवता ते नाव मागणारं पत्र आलं की ऑफिसात पहिला प्रश्न असतो, मोकळं कोण आहे? मग रिटायरमेंटला आलेल्या एखाद्या भाऊसाहेबांचं नाव जातं, नाहीतर नुकतं बदलून आलेल्याचं, ज्याला अजून टेबलच मिळालेलं नाही. ज्याच्याकडं दोन-दोन संकलनं, म्हणजे कामाची टेबलं आहेत त्याला सोडत नाहीत, तो गेला तर काम कोण करणार म्हणून. माझ्या बाबतीत पण हेच चालू होतं. अहो, एक माणूस आठवडाभर नसला आणि ऑफिस थांबत असेल तर ट्रेनिंगची गरज त्याच ऑफिसला जास्त आहे की. शेवटी नवीन साहेब आले त्यांनी मला ट्रेनिंगसाठी सोडायचा, कार्यमुक्तीचा आदेश काढला, चार्ज कुणाकडं ते त्याच आदेशात लिहिलं, विषय संपला. एवढं सोपं होतं ते.

तिथं गेल्यावर वाटलेलं की मोठमोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतील, पीपीटी दाखवतील आणि सर्टिफिकेट देतील. थोडं तसं झालं पण, खोटं कशाला सांगू. पण बाकीचा वेळ आमच्याच फायली समोर ठेवून काम केलं. एक शेतरस्त्याची फाईल दिलेली, भाऊबंदातला वाद, एकाच्या उसाला ट्रॅक्टर जायला वाट नाही, जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143, शेताला वाट देण्याबद्दलचं. टिपणीची पानं उलटत गेलो तर प्रत्येकानं खाली 'आदेशार्थ सविनय सादर' लिहून सही केलेली आणि फाईल वर ढकललेली, पण काय करावं असं स्वतःला वाटतंय ते एकानंही लिहिलेलं नाही. आम्हाला सांगितलं की वस्तुस्थिती लिहा, नियम लिहा, आणि त्याखाली तुमचं मत लिहा, सहीसकट. बराच वेळ कुणी पेनच उचललं नाही, इतकी वर्षं मत लिहायची सवयच नाही हो कुणाला. पहिल्यांदा लिहिलं ते एका नव्या पोरीनं, महसूल सहायक म्हणून दोन-तीन वर्षंच झालेली असतील तिला. तिनं लिहिलं, ऊसतोड सुरू व्हायच्या आत स्थळपाहणी घ्यावी, नंतर आदेश होऊन उपयोग नाही, ऊस रानात वाळून जाईल. बस. एवढ्या एका वाक्यासाठी ती फाईल अडून बसलेली.

माझ्या मते नेतृत्व म्हणजे हेच, आपल्या हातात जेवढं आहे तेवढ्याचा निर्णय आपण घ्यायचा आणि खाली आपलं नाव घालायचं. त्याला साहेबाची खुर्ची लागत नाही.

दुसरी गोष्ट पुराची. 2019 आणि 2021 चा पूर आपल्यापैकी कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटाला गेली की इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ आहे, आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले म्हटलं की चिखली-आंबेवाडीच्या लोकांची झोप उडते. पण पाणी वाढायला लागल्यावर गावात कोण असतं? ग्राम महसूल अधिकारी, कोतवाल, पोलीस पाटील, आशा ताई, वायरमन. वरून आदेश यायच्या आत यांनाच ठरवावं लागतं. ट्रेनिंगमध्ये असाच प्रसंग दिलेला, रात्रीची वेळ, पाणी चढतंय आणि लोक घर सोडायला तयार नाहीत, काय कराल. बाहेरच्या जिल्ह्यातले बरेच जण म्हणाले पोलीस बोलवू, नोटीस देऊ. आमच्या शिरोळ भागातले एक ग्रामपंचायत अधिकारी होते ते म्हणाले, आधी जनावरांचं सांगा. म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कोण देणार, धारा कोण काढणार आणि दूध डेअरीला जाणार का, हे पक्कं झालं की माणूस आपोआप निघतंय, नाहीतर कितीबी बोंबला, गोठ्यात जनावर आहे तोवर घरातलं म्हातारं हलत नाही. 2019 ला त्यांनी तसंच केलेलं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही आणि या माणसाला आजवर कुणी विचारलं पण नव्हतं. म्हणून मी म्हणते की खालच्या माणसांना पाठवा, ते नुसतं शिकून येत नाहीत तर शिकवून पण येतात.

आणि कोल्हापूरला हे काही नवीन नाही. शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि ते काम सगळ्या जातींच्या पोरांना करता यावं म्हणून त्यांना तयार करायची सोय पण केली, गावच्या पाटलांसाठी शाळा काढली. संस्थानाचा कारभार गावात बसणाऱ्या माणसाच्या हातून चालतो हे त्यांना कळत होतं.

आता राज्याचं स्वतःचं प्रशिक्षण धोरण 2011 सालापासून आहे, पुण्याला बाणेर रोडवर सरकारी माणसांना ट्रेनिंग देणारी यशदासारखी मोठी संस्था आहे, केंद्रानं 2020 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी मिशन कर्मयोगी आणलं, त्याच्या आयगॉट या ऑनलाइन पोर्टलवर मोबाईलमध्येच कोर्स करता येतात. सोय चांगली आहे, नियम-कायदे, माहितीचा अधिकार, ई-ऑफिस हे त्यावर नक्की शिकता येतं. पण नेतृत्व व्हिडिओ बघून येत नाही. बऱ्याच ठिकाणी कोर्सची संख्या पूर्ण करायची घाई असते, व्हिडिओ एकीकडं चालू आणि माणूस दुसरीकडं फाईल बघतोय, ह्याला मी एकट्या कर्मचाऱ्याला दोष देत नाही, समोर रांग उभी असताना तो तरी काय करणार. समोरासमोर बसून आपल्या हाताखालच्या माणसाचं ऐकायला लागतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये एक बंद पाकिटातला फॉर्म होता, हाताखालच्या लोकांनी नाव न घालता भरलेला. एका मंडळ अधिकाऱ्यांच्या फॉर्मवर लिहिलेलं, 'काम सांगतात पण कशासाठी ते सांगत नाहीत.' ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी स्वतःहून म्हणाले, हे मला नोकरीत कुणी सांगितलंच नव्हतं.

परत आल्यावर आम्ही आमच्या संकलनात एक सुरू केलंय. अर्जात त्रुटी असतील तर सगळ्या एकदम, एकाच कागदावर, तारीख आणि सही घालून द्यायच्या. आधी एक सांगायची, ती पूर्ण करून आला की दुसरी, असं चालायचं. गगनबावड्याहून एसटीनं येणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, आणि ठरलेल्या मुदतीत काम करून द्यायचा लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून असताना आपण त्याला मुदत संपेपर्यंत फिरवायचं हे बरं नाही. साहेबांची परवानगी लागली नाही, जीआर लागला नाही, चौघांनी बसून ठरवलं.

बायकांबद्दल पण लिहायलाच पाहिजे. निवासी ट्रेनिंग पुण्याला असलं की आमच्यातल्या निम्म्या जणी आधीच नाही म्हणतात, कुणाचं पोरगं दहावीला, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई माझ्यापेक्षा हुशार आहे, कुठलाही कायदा तोंडपाठ, पण ती गेली नाही. तिला जायचं नव्हतं असं नाही. असलीच बॅच इथं कोल्हापुरात, येऊन-जाऊन करता येईल अशी घेतली तर कितीतरी बायका येतील. शिवाजी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात हॉल आहेत, शिकवणारे अनुभवी निवृत्त अधिकारी आहेत, अडचण कुठली आहे?

म्हणून माझी जिल्ह्यातल्या सगळ्या खातेप्रमुखांना विनंती आहे की नामनिर्देशनाचं पत्र साहेबांच्या टेबलावर न ठेवता नोटीस बोर्डवर लावा, कोण जाऊन आलं आणि कोण नाही ती यादी पण सोबत लावा. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, करवीर, शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा इथली गावपातळीवरची माणसं एकत्र बसवा, महसूल, ग्रामपंचायत, आरोग्य, कृषी, वीज सगळी मिसळून, म्हणजे पुराच्या रात्री एकमेकांचा फोन नंबर शोधत बसायला लागणार नाही. आणि माझ्या सहकाऱ्यांनो, पुढचं पत्र आलं की नाव द्या, टेबल कोण बघणार म्हणून मागं राहू नका, फक्त चार्ज कुणाला दिला ते आदेशात लेखी घ्या, तोंडी नको.

आपली वाचक,
एक अव्वल कारकून, कोल्हापूर