पल्लूची डोकेदुखी अन् तुझी ट्यूबलाइट

प्रिय बंड्या,

घरी सगळे बरे, बाबांची शुगर आटोक्यात. लिहितोय ते पल्लूसाठी, अन् हे घरात कुणाला पटत नाही, तुलाच समजेल.

ती एमपीएससीचा अभ्यास रात्री फोनवर करते, आईची झोप मोडू नये म्हणून लाइट बंद, ब्राइटनेस एकदम तळाला. तासाभरात कपाळ ठणकते, मळमळते. धंतोलीत डोळे तपासून आणले, नंबर तोच. सगळे म्हणतात टेन्शन आहे. अबे, मग पुस्तक वाचताना काहून नाही दुखत? शेवटी तिच्या स्क्रीनचा स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला तर काळे पट्टे सरसर धावताना दिसले! ओएलईडी प्रकारची स्क्रीन आहे ना, ब्राइटनेस कमी केला की बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन सेकंदाला २४० वगैरे वेळा चालू-बंद होते, अन् जितका ब्राइटनेस कमी तितका बंद राहायचा वेळ जास्त. डोळ्याला दिसत नाही, सगळ्यांना त्रासही होत नाही, पण काहींचं डोकं धरते. म्हणजे पोरगी आराम म्हणून जे करते तेच तिला छळते, हे मला खाते बे. नाइट मोडनं नुसता रंग पिवळा होतो, लुकलुक तशीच.

तेव्हा तुझी होस्टेलची ट्यूब आठवली. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १९८९ मध्ये विल्किन्स नावाच्या संशोधकानं अन् त्याच्या सोबत्यांनी इंग्लंडच्या एका ऑफिसात, काम करणाऱ्यांना न सांगता, तसले चोक बदलून हाय फ्रिक्वेन्सीवाले, म्हणजे कितीतरी जास्त वेगानं चालणारे, लावून पाहिले, तर डोकेदुखी अन् डोळ्यांचा ताण निम्म्यावर आला. म्हणजे तुझा त्रास खराच होता राजा. पण म्हणून पेपरच्या आदल्या रात्री ट्यूब बंद करून मला जिन्यात बसवलंस ते मी माफ केलेलं नाही, अन् करणारही नाही.

सध्या तिला खोलीत दिवा लावून ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवायला लावलंय, थोडा फरक आहे. तिच्या फोनमध्ये डीसी डिमिंग, म्हणजे चालू-बंद न करता वीज कमी करून ब्राइटनेस उतरवायची सोय, नाही, अन् सेकंदाला २००० पेक्षा जास्त वेळा, म्हणजे फार जलद लुकलुकणारा नवा फोन आत्ता परवडत नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पिंट्या चालायला लागला का? फोटो टाक.

अन् ऐक, तुझा तो जुना एलसीडी टॅब पडून असेल तर ब्राइटनेस कमी करून स्लो मोशनमध्ये बघ, पट्टे नसले तर येणाऱ्या कुणासोबत पाठव. लवकर पाठव, तिची पूर्व परीक्षा जवळ आली. त्याच माणसाच्या हाती संत्रा बर्फी देतो.

तुझा,
सुध्या