सामन्याआधी पिचरची नावं छापावीत

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

१ नोव्हेंबर २०२५ च्या आपल्या अंकात क्रीडा पानाच्या तळाशी अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे जास्तीत जास्त सात सामन्यांच्या अंतिम मालिकेची, छोटी बातमी होती. टोरंटो ब्लू जेज ३-२ असे पुढे, सहावा सामना त्यांच्याच रॉजर्स सेंटरवर, १९९३ नंतरचं विजेतेपद एका विजयावर आलेलं, गतविजेते लॉस एंजेलिस डॉजर्स संकटात. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंनी चेंडू कोण टाकणार, म्हणजे पिचर कोण, हे त्यात कुठेच नव्हतं. बेसबॉलच्या सामन्याची पूर्वसूचना देताना हे सांगायचं राहिलं, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. जळगाव भागात शाळेच्या मैदानावर मुलींना सॉफ्टबॉल शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, अजूनही सकाळी मैदानावर जातो. माझी पुतणी टोरंटोजवळ मिसिसागाला राहते. तिकडची रात्र म्हणजे आपली पहाट, त्यामुळे सामना सुरू व्हायच्या थोडं आधी, म्हणजे आपल्याकडे पाचच्या सुमाराला, तिचा फोन आला. मी तुमची बातमी वाचायच्या आधीच म्हणालो, ‘‘आज पेढे का?’’ ती म्हणाली, ‘‘नाही काका, आज समोर यामामोटो आहे. आपला गॉसमन चांगलाच आहे, पण आज अवघड आहे. उद्याचा सातवा धरून चाला.’’ संघ ३-२ ने पुढे, मैदान घरचं, गाव सगळं रस्त्यावर, आणि तरी तिला धाकधूक होती. तिची धाकधूक आणि तुमच्या बातमीतला उत्साह यांच्यात फक्त दोन नावांचं अंतर होतं.

क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाज बदलत राहतो. एकदिवसीय सामन्यात कुणालाच दहा षटकांहून जास्त मिळत नाहीत, त्यामुळे एखाद्याचा दिवस वाईट गेला तरी बाकीचे सांभाळून घेतात. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर, ज्याला स्टार्टर म्हणतात, तो पहिल्या चेंडूपासून एकटाच टाकतो. साधारण पाच-सहा इनिंग, नव्वद ते शंभर चेंडू. (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी, सामन्यात अशा नऊ.) एकदा त्याला काढलं की त्या सामन्यात तो पुन्हा टाकायला येत नाही. आणि एवढे चेंडू टाकले की पुढचे चार-पाच दिवस त्याला विश्रांती लागते. म्हणून संघाकडे पाच स्टार्टर ठेवलेले असतात आणि ते पाळीने येतात. तोच संघ सोमवारी वेगळा असतो आणि मंगळवारी वेगळा. तिथले लोक ‘आज कोणाचा सामना’ असं विचारत नाहीत, ‘आज कोण टाकतोय’ असं विचारतात. आपल्याकडे कुस्तीच्या फडात आज कोणाची जोड लागली आहे हे विचारतात, तसंच हे.

त्या दिवशीची जोड अशी होती. टोरंटोचा केविन गॉसमन, वय ३४, उजव्या हाताचा. डॉजर्सचा योशिनोबू यामामोटो, वय २७, तोही उजव्या हाताचा, जपानच्या ओकायामा प्रांतातला. २०२३ च्या डिसेंबरात डॉजर्सनी त्याच्याशी बारा वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलरचा करार केला होता. त्या हंगामात यामामोटोचा ईआरए २.४९ होता, गॉसमनचा ३.५९. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, नऊ इनिंगच्या हिशेबाने. एका धावेचा फरक कागदावर लहान दिसतो, पण ज्या खेळात ३-१ असा निकाल लागतो तिथे तो मोठाच.

याहून महत्त्वाचं असं की हीच जोड सहा दिवसांपूर्वी दुसऱ्या सामन्यात लागली होती आणि तो सामना डोळ्यांत साठवून ठेवावा असा होता. गॉसमनने ओळीने सतरा बॅटर बाद केले होते. १-१ अशी बरोबरी होती. सातव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या विल स्मिथने त्याचा एक चेंडू भिंतीपलीकडे टोलवला, त्याच इनिंगमध्ये मॅक्स मन्सीने दुसरा. समोरून यामामोटोने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या. १०५ चेंडू, चार हिट (बॅटरला बेस मिळवून देणारे फटके), आठ स्ट्राईकआउट (तीन स्ट्राईकवर बाद), एकही वॉक नाही (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस), आणि शेवटचे वीस बॅटर ओळीने बाद. त्याआधीच्या फेरीत मिल्वॉकीविरुद्धही त्याने असाच सामना एकहाती पूर्ण केला होता. आजच्या काळात पिचर सहसा सामना पूर्ण करत नाहीत, सहाव्या-सातव्या इनिंगला बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, दुसरा येतो. एवढी माहिती हाती असताना सहाव्या सामन्याआधी कुणी टोरंटोच्या घरी पेढे वाटले नसते.

दोघांचाही हुकमी चेंडू एकच, स्प्लिटर. मुलींना समजावताना मी हातात चेंडू घेऊन दाखवतो. तर्जनी आणि मधलं बोट फाकवायचं, चेंडू त्यांच्या बेचक्यात रुतवायचा आणि हात मात्र फास्टबॉलसारखाच, म्हणजे सरळ वेगवान चेंडूसारखाच, जोरात फिरवायचा. बोटांची पकड कमी असल्याने चेंडूला फिरकी कमी मिळते. बॅटरला तो आधी फास्टबॉलच वाटतो, बॅट निघते, आणि प्लेटजवळ, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे, आल्यावर चेंडू खाली बसतो. पिचरपासून प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, १८९३ पासून तेवढंच आहे. त्या अंतरात बॅटरला ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून या सामन्याचा खरा प्रश्न एवढाच होता की खाली बसणारा चेंडू सोडून द्यायचा संयम कोणत्या संघाच्या बॅटरकडे जास्त आहे. हा प्रश्न एका ओळीत छापता येतो. वाचक तो मनात धरून टीव्हीसमोर बसला असता, तर प्रत्येक चेंडूला त्याला काहीतरी दिसलं असतं.

यामामोटोबद्दल आणखी एक गोष्ट, जी माझ्यासारख्या शिक्षकाला फार जवळची वाटते. तो जड वजनं उचलून तयारी करत नाही. सरावात तो भाला फेकतो. हलका, खास सरावासाठी केलेला भाला. भाला नुसत्या खांद्याच्या जोरावर जात नाही, पायापासून कंबर, छाती, खांदा असं सगळं शरीर एका ओळीत आलं तरच तो सरळ जातो. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच असलेला हा माणूस इतका वेगवान का टाकतो, त्याचं बरंचसं उत्तर त्या भाल्यात आहे. भालाफेक आपल्या प्रत्येक तालुक्याच्या शालेय स्पर्धेत असते. अशी एक ओळ बातमीत आली, तर इथला एखादा मुलगा ती दोनदा वाचेल.

सहावा सामना कसा झाला ते थोडक्यात. गॉसमनने सुरुवातीला डॉजर्सना नाचवलं, सहा इनिंगमध्ये आठ स्ट्राईकआउट घेतले. पण तिसऱ्या इनिंगमध्ये आधी स्मिथच्या डबलवर, म्हणजे दोन बेसच्या फटक्यावर, एक आणि मग मुकी बेट्सच्या फटक्यावर दोन धावा गेल्या. यामामोटोने सहा इनिंगमध्ये एकच धाव दिली. निकाल डॉजर्स ३, ब्लू जेज १. शेवटच्या इनिंगमध्ये टोरंटोचा एक फटका मैदानाच्या कडेच्या भिंतीच्या गादीखाली जाऊन अडकला, पंचांनी खेळ थांबवून धावपटूंना दोनच बेस दिले, आणि मग एक बाद झाल्यावर झेल आणि दुसऱ्या बेसवर धावबाद असा दुहेरी बाद होऊन सामना संपला. पुतणीचा पुन्हा फोन आला तेव्हा ती फक्त म्हणाली, ‘‘सांगितलं होतं ना.’’

पिचरच्या जोडीवरून निकाल दरवेळी सांगता येतो, असं माझं म्हणणं नाही. याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात डॉजर्सकडून, हंगामातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवलेला ब्लेक स्नेल होता आणि टोरंटोकडून ट्रे येसाव्हेज, २२ वर्षांचा, ज्याने तो हंगाम अगदी खालच्या पातळीच्या लीगमध्ये सुरू केला होता. कागदावर ही जोडच लागत नव्हती. टोरंटो ११-४ ने जिंकलं, सहाव्या इनिंगमध्ये नऊ धावा काढून. आणि पाचव्या सामन्यात याच दोघांची पुन्हा गाठ पडली तेव्हा त्या पोराने बारा स्ट्राईकआउट घेतले, वर्ल्ड सिरीजमध्ये नवख्या पिचरने इतके कधीच घेतले नव्हते. पण हे अघटित घडलं, हे कळायला तरी आधी जोड माहीत हवी ना? नाहीतर ‘टोरंटोचा दणदणीत विजय’ एवढंच उरतं.

जुनं उदाहरण द्यायचं तर १९६८ ची वर्ल्ड सिरीज. पहिल्या सामन्यात सेंट लुईसचा बॉब गिब्सन आणि डेट्रॉइटचा डेनी मॅकलेन. त्या हंगामात एकाचा ईआरए १.१२, दुसऱ्याच्या नावावर ३१ विजय. अशी जोड त्यानंतर क्वचितच लागली असेल. गिब्सनने सतरा स्ट्राईकआउट घेतले, वर्ल्ड सिरीजच्या एका सामन्यातला तो विक्रम आजही तसाच आहे. मालिका मात्र डेट्रॉइटने जिंकली, आणि सातव्या सामन्यात गिब्सनला हरवलं ते मॅकलेनने नव्हे तर मिकी लोलिचने, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. पिचर त्या वर्षी इतके वरचढ ठरले की १९६९ पासून त्यांच्या मातीच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणावी लागली.

विश्रांतीचा मुद्दा मला जरा जास्त लागतो, कारण माझ्या हातून त्यात चूक झाली आहे. आमच्या मुली एका जिल्हा स्पर्धेत सकाळी उपांत्य आणि दुपारी अंतिम सामना खेळल्या. माझ्याकडे एकच खरी पिचर होती, नववीतली, शांत, लांब हातांची. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरवून टाकतात, त्यामुळे खांद्याला त्रास होत नाही असा आपल्याकडे समज आहे, आणि तेव्हा माझाही होता. दोन्ही सामने मी तिलाच दिले. समोरच्या शिक्षकाने सकाळी आपली दुसरी मुलगी खेळवली आणि पहिली दुपारसाठी राखून ठेवली होती. तिसऱ्या इनिंगनंतर आमच्या पोरीचा खाली बसणारा चेंडू कमरेच्या वर यायला लागला. ती एकदाही माझ्याकडे बघेना, चेंडू घेई आणि टाकी. आम्ही हरलो त्याचं काही नाही. रात्री मुक्कामाच्या शाळेत रुमालात बर्फ बांधून तिच्या खांद्याला लावला तेव्हा तिला कपातला चहासुद्धा उजव्या हाताने उचलवेना. कोणाकडे कोण पिचर ताजी आहे, हा हिशेब मी सामन्याआधी मांडला असता तर तिला सकाळी बसवलं असतं.

म्हणूनच यामामोटोने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच रात्री सातव्या सामन्यात पुन्हा येऊन शेवटचे आठ बाद मिळवले, अकरा इनिंगचा तो सामना ५-४ असा संपला आणि एका मालिकेत त्याचे तीन विजय झाले, याचं मला मनापासून कौतुक आहे, पण मुलींना ते सांगताना मी जपून सांगतो. त्याच सामन्यात डॉजर्सचा शोहेई ओहतानी फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर टाकायला उतरला होता आणि तिसऱ्या इनिंगमध्ये टोरंटोच्या बो बिशेटने त्याच्या स्लायडरवर, म्हणजे बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, तीन धावांचा होमरन मारला. समोर टोरंटोकडून ४१ वर्षांचा मॅक्स शर्झर होता, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात सुरुवात करणारा आजवरचा सर्वांत वयस्क पिचर, आणि त्याने एकच धाव दिली. थकलेला हात आणि ताजा हात यांतला फरक यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

आपल्या वेळेनुसार सातवा सामना झाला त्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईत आपल्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना होता. त्या दिवशीची सगळी जागा त्यांची होती आणि ती त्यांचीच असायला हवी होती. मी जागा जास्त मागत नाही. आहे त्या आठ ओळींतल्या दोन बदला. दोन्ही पिचरची नावं, हात डावा की उजवा, किती दिवसांच्या विश्रांतीवर, आणि याआधी याच संघासमोर काय झालं होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतच ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटच्या बरोबरीने बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही मंजूर झाले. तोवर आपल्या वाचकांना हा खेळ वाचता यायला हवा.

आमच्या मैदानाच्या खोलीबाहेर एक फळा आहे. वर्तमानपत्रातली कात्रणं मी तिथे टाचणीने लावतो, मुली बूट घालता घालता वाचतात. तिकडचा नवा हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो. पहिल्या दिवसाच्या बातमीत पिचरची दोन नावं दिसली, की ते कात्रण त्याच सकाळी फळ्यावर लागेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जळगाव